टप्पा पहिला: भिंत

मेडशीपासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथल्या गायरानावर फुटबॉलचं संकुल बांधायचं ठरलं, तेव्हा अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता. मीच! शाळेत क्रीडाशिक्षक मी, शिट्टी माझी, आवाज माझा. पहिल्याच सभेत मी जाहीर केलं, "काम टप्प्याटप्प्यानं होईल! पहिल्या टप्प्यात भिंत आन् फाटक. दुसऱ्यात मैदान. तिसऱ्यात बसायच्या पायऱ्या. बाकी सारं चौथ्यात!"

"पह्यले मैदान करा नं बाबा," माझी पोरगी निकिता म्हणाली. ती संघाची कॅप्टन. "भिंतीवर खेळू काय आमी?"

"ढोरं शिरतात वं! आधी भिंत!"

भिंत झाली, तीही अशी उंच की आतून फक्त आभाळ दिसावं. मग ठेकेदार बाबूसिंगनं सपाटीकरणासाठी आतली काळी माती खणली आणि पाऊस लागताच तो रिसोडला निघून गेला. मी फाटकाला कुलूप ठोकलं. याच गायरानावर पोट्टे रोज खेळायचे. आता खेळायला जागाच उरली नाही. सराव बंद पडला, तालुक्याच्या सामन्यात आमचा संघ पहिल्याच फेरीत सपाटून हरला, आणि निकिता माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

सगळ्यात हाल झाले नानाजींचे. नानाजी म्हणजे माझे सख्खे काका. मूलबाळ नाही, काकू कधीच गेलेली. रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून "हाण! हाण!" ओरडायचं, एवढंच त्यांचं सुख. कोणाच्या बाजूनं ओरडतात ते त्यांनाही ठाऊक नसायचं! भिंत झाल्यावरही ते फाटकाबाहेर येऊन बसत.

"कवा खेळतात बे पोट्टे?"

"दुसऱ्या टप्प्यात, काका."

काका पहिल्या टप्प्यातच गेले. सकाळी चहा घेऊन गेलो तर हाताला थंड लागले.

तिरडी उचलली. अग्नीचं मडकं घेऊन मी पुढं. रिमझिम चालू होती. गायरानाशी आलो आणि सगळी यात्रा बसचा ब्रेक लागावा तशी थांबली. समोर भिंत! स्मशानाची वाट या गायरानातूनच जायची. भिंत बांधल्यापासून गावात कोणी मेलंच नव्हतं, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही!

"अध्यक्षसाहेब," खांदा दिलेले आमचे शेजारी भाऊसिंग तिरडीखालून बोलले, "मुर्द्याची वाट कोणत्या टप्प्यात हाये?"

मी किल्ली काढली. फाटक उघडलं. "या माझ्या मागं! मले इंच न् इंच माहीत हाये!" म्हणालो आणि ताठ मानेनं मधोमध चालू लागलो. जरा पुढं गेलो आणि घोट्यापर्यंत रुतलो, मग गुडघ्यापर्यंत, मग थेट मांडीपर्यंत! मडकं वर, मी खाली! पाय उपसावा तर चिखल मानपानाला अडलेल्या जावयासारखा धरून बसलेला.

"मागं सरा! मागं सरा!" खांदेकरी फाटकातच अडकले. तिरडी एका बाजूला कलली. कोणीतरी किंचाळलं. 

तेवढ्यात निकिता पुढं आली. भिंतीच्या आतल्या अंगाला मुरमाची अरुंद पट्टी होती. तिरडी घेऊन जाड माणूस तिथं मावला नसता. तिनं संघातल्या पोरांना हाक मारली, "टीना, पुढून धर! गोलू, संयम, मागून! हळू. पायाखाली पाहा."

"पोरीबाळीनं खांदा द्यावा काय?" भाऊसिंग म्हणाले.

"मंग तुमी या चिखलातून."

भाऊसिंगांनी खांदा सोडला. पोरांनी काकांना उचललं. निकिता भिंतीला धरून माझ्या जवळ आली, हात लांबवला. मी जमेल तेवढा वाकून मडकं दिलं. तिनं माझ्याकडं पाह्यलंही नाही. पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीला कामगारांसाठी खिंडार ठेवलेलं, त्यातून एकेक करत सगळे बाहेर पडले.

"आन् मी?" मी ओरडलो.

"पाऊस वाढून राह्यला," भाऊसिंग जाता जाता म्हणाले. "अध्यक्षाले वापस येतानी काढू!"

ज्या काकांना मी अग्नी द्यायचा होता, त्यांना निकितानं दिला. भिंत इतकी उंच की मला सरणही दिसेना. तिच्यावरून धूर तेवढा वर आला. मैदानात मांडीपर्यंत गाडलेला मी हात जोडून उभा राहिलो, आणि मग रडलो. मोठ्यानं रडलो. ऐकायला कोणी नव्हतंच.

खिशात फोन वाजला. बाबूसिंग!

"साहेब, पाऊस उघडला की दुसऱ्या टप्प्याचं माप घ्याले येतो म्हणतो. मैदानावर कोणी जबाबदार माणूस हाये काय?"

"अध्यक्ष स्वतः उभे हायेत," मी नाक पुसत म्हणालो. "येतानी दोर आण."