बेहड्यावरची ढोली विकणे आहे

एका जंगलात, बाळांनो, जमीन भरपूर होती, तरी सगळ्यांना झाडावरच राहायचं होतं. का, ते विचारू नका. तुमचे आईवडीलही तसेच आहेत.

त्या जंगलाच्या ऐन मध्यावर एक उंचच उंच बेहडा होता. त्याला सगळे 'बेहडा हाइट्स' म्हणत. त्याच्या अगदी वरच्या फांदीवरच्या ढोलीत त्र्यंबकराव उदमांजर आणि त्यांची पत्नी कुमुदिनीबाई राहत. उदमांजरं दिवसा झोपतात, हे मलाही ठाऊक आहे. पण हे जोडपं निवृत्त होतं, त्यांना झोप येत नसे. मध्ये बोलू नका.

ढोली झकास होती. उजेड, वारा, आणि मान जरा वाकडी केली की नदी. पण कुमुदिनीबाईंचे गुडघे गेले होते. उतरताना डोळ्यांत पाणी यायचं आणि चढताना तर विचारूच नका. नदीकाठी त्यांची धाकटी बहीण राहायची. तिच्या शेजारी, उंबराच्या मुळाशी, साळिंदराचं एक कोरडं भुयार रिकामं झालं होतं. चढ नाही, उतार नाही.

"अहो, ही ढोली विकून टाकू आणि ते भुयार घेऊ," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मला पुन्हा मातीवर चालायचंय."

"विकू की! मी कुठे नाही म्हणतोय?" त्र्यंबकराव म्हणाले. "फक्त योग्य वेळ आली पाहिजे."

त्यांचं बायकोवर प्रेम होतं, बरं का. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही त्यांना नावं ठेवाल.

जंगलात ढोल्यांची दलाली एक वानर करायचा. या फांदीवरून त्या फांदीवर जाणं त्याला जमायचं, एवढ्याच पात्रतेवर त्याचा धंदा चालला होता.

"बाजार थंड आहे साहेब," वानर म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, वर बघतं, छान आहे म्हणतं आणि जातं. तुमची अपेक्षा काय?"

"चाळीस टोपल्या मोहफुलं."

हा आकडा त्र्यंबकरावांना सोसायटीच्या चेअरमनने, म्हणजे धनेशाने सांगितला होता. धनेशाला तो खालच्या फांदीवरच्या पिंगळ्याने सांगितला होता. पिंगळ्याला कुणी सांगितला, ते पिंगळ्याला आठवत नव्हतं. त्या भावाला एकही ढोली आजवर गेली नव्हती. पण भाव मात्र सगळ्या झाडाला तोंडपाठ होता.

एके दिवशी खारींचं नवं जोडपं आलं. सोबत सासूबाई होत्या. ढोलीचं तोंड पश्चिमेला आहे म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं, पण सुनेला ढोली आवडली.

"पस्तीस देतो, काका. सगळी सुकवलेली, तयार आहेत," नवरा म्हणाला.

"देऊन टाका," कुमुदिनीबाई पुटपुटल्या. "साळिंदराला देऊनही वर उरतंय."

"थांब गं. चेअरमनना एक शब्द विचारून येतो."

धनेशाने लगेच सभा बोलावली. "त्र्यंबकराव, तुम्ही पस्तीसला दिलीत की आमच्याही ढोल्या पस्तीसच्या झाल्या!" तो चोच आपटत म्हणाला. "बसल्या जागी सगळं झाड गरीब होईल!"

आता, झाडावरच्या दुसऱ्या कुणालाच ढोली विकायची नव्हती. पण गरीबही कुणाला व्हायचं नव्हतं. सगळे त्र्यंबकरावांकडे बघू लागले. इतक्या जणांनी एकदम आपल्याकडे बघण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खारींना नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या पौर्णिमेला त्यांचा सत्कार झाला. झाडाचा भाव राखल्याबद्दल शाल आणि श्रीफळ. धनेशाने भाषण केलं, पिंगळ्याने आभार मानले.

"हा नारळ घेऊन साळिंदर भुयार देईल का?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"तुला व्यवहार कळत नाही," त्र्यंबकराव म्हणाले आणि शाल पांघरून बसले.

मग बातमी आली, की हत्तींची नवी वाट बेहड्याखालून जाणार. वाट झाली की वर्दळ वाढणार, वर्दळ वाढली की भाव. वाट कधी होणार, ते हत्तींनाही माहीत नव्हतं. त्र्यंबकराव थांबले. कुमुदिनीबाईंची बहीण झाडाखाली यायची आणि दोघी बहिणी ओरडून ओरडून बोलायच्या. सगळ्या झाडाला त्यांच्या घरच्या गोष्टी कळायच्या.

एका सकाळी कुमुदिनीबाई उतरायला लागल्या. प्रत्येक फांदीवर टेकत, गुडघा चोळत. शेजारणी पाणी द्यायच्या आणि विचारायच्या, "विकली वाटतं?" दुपार कलल्यावर त्यांचे पाय मातीला लागले. त्या तिथेच बसून रडल्या. मग वर बघून म्हणाल्या, "मी आता वर येणार नाही हं. बहिणीकडे राहते. तुम्हीही या."

त्र्यंबकराव फांदीच्या टोकापर्यंत आले. पण ढोली बंद ठेवली तर भाव पडतो, असं वानराने बजावलं होतं. ते राहिले.

आणि बाळांनो, योग्य वेळ आली! परदेशातून थंडीपुरता आलेला एक भोरडा पक्षी ढोलीत शिरला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चाळीस ना? दिल्या."

त्र्यंबकरावांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. नदीकाठी उंबराखाली एक लहानसा ठिपका हलताना त्यांना दिसत होता. तेवढ्यात मनात आलं, हा घासाघीस कशी करत नाही? म्हणजे आपणच कमी सांगितलं!

"पंचेचाळीस," ते म्हणाले.

"बघतो," भोरडा म्हणाला आणि ऊन वाढायच्या आत आपल्या देशी निघून गेला.

दुसरी शाल आली. या वेळी जरीकाठाची होती.

साळिंदराने भुयार एका सशाला दिलं. बहिणीच्या दारात कुमुदिनीबाई रोज पिकलेली उंबरं दोन पानांवर वाढायच्या. एका पानावरची स्वतः खायच्या, दुसऱ्यावरची मुंग्या खायच्या.

शेवटी त्र्यंबकरावांनाच राहवेना. भाव गेला खड्ड्यात, निदान जेवायला तरी जाऊन येऊ, असं म्हणून ते उठले. मागचा पाय त्यांनी खालच्या फांदीकडे सोडला. गुडघा कट्‌कन वाजला. कळ थेट मस्तकात गेली. त्यांनी दुसरा पाय सोडून पाहिला. तोही तसाच वाजला.

ते सरपटत ढोलीत परतले. दोन्ही शाली गुडघ्यांवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. कधी नव्हे ते त्यांना रडू आलं.

तेवढ्यात खालून हाक आली. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून कुमुदिनीबाई बेहड्यापर्यंत चालत आल्या होत्या. "अहो, आज उंबरं फार गोड आहेत! येताय ना खाली?"

त्र्यंबकरावांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि सगळ्या झाडाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"इतक्यात नको गं! भाव चढतोय!"

खालच्या फांदीवर धनेशाने समाधानाने मान डोलावली आणि तिसऱ्या शालीची व्यवस्था करायला सांगितलं.

तात्पर्य : बाजार मंद असताना घर विकू नये. तेजीत तर मुळीच विकू नये. गुडघ्यांना बाजारभाव नसतो, म्हणून ते व्यवहारात धरू नयेत. आणि सत्काराला मिळालेल्या शाली जपून ठेवाव्यात. वर वारा फार असतो.