गोठ्यातली घोषणा

बेचाळीसच्या श्रावणात रंगरावांकडे दोन दिवसांसाठी आलेला भगवंतराव पोळा होऊनही हलला नव्हता. तो रंगरावांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा मावसभाऊ. ओसरीत खाटेवर पडून आल्यागेल्याला मोठ्यानं धरपकडीच्या बातम्या विचारी. वडनेरात लोक तेव्हा शिंकतानाही इकडेतिकडे बघत. पोलीस रोज गस्तीला येत. ओसरीत माणसं जमली की रंगरावांची नजर गल्लीच्या टोकाकडे लागे.

"तुह्या भावाले जाय म्हन ना," ते बायकोला हळूच म्हणाले.

"तुमीच म्हना. पन त्याले लागंन असं बोललात, तर मी बी त्याच्यासंग माहेरी चालली."

रंगराव गोठ्यात शिरले आणि बैलांपुढे तालीम करू लागले. "भाऊ, घरचे वाट पाहत असतीन." बैलानं कानही हलवला नाही. रंगरावांनी आवाज चढवला आणि महिनाभराचा राग एकदम बाहेर पडला.

"चालले जा! आमचंच खाता अन् आमच्याच उरावर बसता. लय झालं आता, चालले जा!"

कुडाबाहेर गस्तीवरचे पंजाबराव जमादार उभे होते.

"रंगराव, कोणाले चले जाव म्हनून राह्यले?"

"चले जाव नाही, जमादार. चालले जा म्हटलं."

"तेच ते. पन कोणाले?"

आवाज ऐकून अन्नपूर्णाबाई आल्या. मागे भगवंतराव. रंगरावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"इंग्रजायले," ते कसेबसे म्हणाले.

जमादारांनी कपाळाला हात लावला. "बैलाले म्हटलं असतं तर मी आपला निंघून गेलो असतो ना. आता सायबाले काय सांगू?"

अन्नपूर्णाबाईंचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याकडे अशा कौतुकानं कधी पाहिलं नव्हतं. भगवंतरावानं तर रंगरावांना मिठीच मारली.

"भाऊजी, मी तुमाले भित्रे समजत होतो. घराची फिकर करू नका. तुमी सुटून येईस्तोवर मी इथून हालत नाही."

जमादारांनी रंगरावांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. गल्लीत आल्यावर ते जमादारांच्या कानाशी लागले. "खरं सांगतो, मी भगवंतरावालेच चालले जा म्हटलं होतं."

"सुटासाठी सारेच काईतरी सांगतात. चाला."

वळणावर रंगरावांनी मागे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी ओसरीतली गादी उचलली होती आणि भगवंतराव आपली खाट माजघरात ओढत होता.