हन्नाबाईंचा यमन आणि हळदीचा ठेका

बाईंना रडवल्याशिवाय कीबोर्डवरून हात काढणार नाही, असं मी पेणहून निघतानाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं!

मी नाथा, रामवाडीचा. स्टुडिओत गाण्यांमागे कीबोर्ड वाजवतो आणि फावल्या वेळात रागदारीला पॉपचे कपडे शिवतो. भूपाखाली गिटार, दुर्गेखाली ड्रम! राग शिकवले ते मात्र रोह्याच्या हन्नाबाईंनी. त्यांचे यजमान सॉलोमनकाका गेल्यापासून बाई गायल्या नव्हत्या. आता लेक तामार त्यांना कायमचं इस्रायलला घेऊन चालली होती. निरोपाच्या कार्यक्रमात मी बाईंचाच यमन वाजवणार होतो, पण माझ्या पद्धतीनं!

सुरुवात झकास झाली. बाईंनी डोळे मिटले. मग मी हळुवार तालाचं बटण दाबलं, आणि आदल्या दिवशी एका लग्नाच्या हळदीत वाजवलेला ठेका तोफेसारखा सुटला! बंद करायला गेलो तर बटण दबेना. फटीत हळद वाळलेली!

स्पीकरवाल्या गुणाजीला मी हात खाली-खाली करून खुणावलं. बंद कर!

"व्हय व्हय, बेस वाढवतो!" तो ओरडला.

खिडक्या थरथरल्या. जवळच्या धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट नुकतीच सुटली होती. चार-पाच कामगार डब्यांसकट आत शिरले आणि नाचायलाच लागले! तामारनं कपाळाला हात लावला. बाई उठून थेट माझ्याकडे निघाल्या. लहानपणी बेसूर वाजवलं की त्या बोटांवर पट्टी मारत. मी बोटं मुठीत लपवली.

बाईंनी माईक उचलला. मान हलवत ठेका मोजला, आणि त्या गदारोळात यमनाची बंदिश अशी अलगद सोडली की सम नेमकी ढोलावर आली! आवाज किंचित कापत होता. कामगार नाचायचे थांबले. तामारचा कपाळावरचा हात तोंडावर आला.

नेमकी तेव्हाच गुणाजीला माझी खूण समजली! त्यानं मुख्य वायरच उपटली. कीबोर्ड, माईक, सगळं मुकं! बाई थांबल्या नाहीत. माईक खाली ठेवून त्या गातच राहिल्या. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू केली आणि लगेच बंदही केली. मी मेलेल्या पट्ट्यांवर हात ठेवून नुसता ऐकत बसलो.

गाणं संपल्यावर मी पाया पडलो. "बाई, फार घोळ झाला हो!"

"छे रे," माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "शेवटचा भाग तर फारच सुंदर वाजवलास!"