वैती मॅडमचा तास

शेजारच्या वैती मॅडमनी भर लिफ्टमध्ये सोसायटीतल्या हंसाबेनची वेणी धरली आणि गरागरा पिळली, तेव्हा मी तिथेच उभा होतो. तिसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत वेणीचा आपोआप अंबाडा झाला. "अरे, ये क्या कर रहे हो?" हंसाबेन किंचाळल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बॅक्टेरिया का डीएनए ऐसाच रहता है. पीळ पे पीळ!" मी इतका हबकलो की आमचा मजला आला तरी उतरलो नाही.

मॅडम कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायच्या. रिटायर होऊन पेणकरपाड्यात आमच्या बाजूला आल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. "आहे, पण वाचलं जात नाही" हे त्यांचं पालुपद. जीन, म्हणजे डीएनएवर लिहिलेला एकेक मजकूर, जागेवरच असतो म्हणे; पीळ घट्ट झाला की उघडत नाही, आणि उघडला नाही तर वाचणार कसा? मीठ वाढलं, उष्णता वाढली की बॅक्टेरियातला पीळ बदलतो आणि दुसरेच जीन चालू होतात. अक्षर मात्र एकही बदलत नाही. हे सगळं मी भाजीवाल्यासमोर उभा राहून ऐकलंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी सेक्रेटरीची अक्कल काढली, तर मॅडम उठल्या. "अक्कल आहे हो त्यांना. वाचली जात नाही, एवढंच." सेक्रेटरींनी चक्क आभार मानले!

मॅडमचे यजमान वैतीकाका मूळचे पालीच्या कोळीवाड्यातले. बोटीवर आयुष्य गेलेला, खणखणीत आवाजाचा माणूस. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज बोलतं करायचा प्रयत्न करा. तर मॅडम रोज संध्याकाळी सहाला त्यांना डीएनए शिकवतात! भिंतीपलीकडून ऐकताना माझं डोकंच फिरायचं. आजारी माणसाला काय हा जाच?

परवा डबा परत करायला गेलो, तर तास चालू होता. मॅडमच्या हातात बोटीवरचा जाडजूड दोर. "बॅक्टेरिया डीएनएला उलटा पीळ देऊन ठेवतात. म्हणजे पेड चटकन सुटतात, जीन वाचता येतो. आता बघा हं." आणि त्यांनी दोर सुलटाच पिळला, आणखी घट्ट! तीस वर्षं हे शिकवलं बाईंनी?

"मॅडम, उलटा फिरवा ना..."

त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"मला येतो हो फिरवायला," त्या कुजबुजल्या. "यांनीच शिकवलाय. दोराला जोड देताना उलटा पीळ देतात, पेड उघडले की त्यातून दुसरा ओवतात. लग्न नवीन होतं, मी घरी धड्याची तयारी करत होते, तेव्हा खरंच चुकले. हे केवढ्याने ओरडले! 'उलटा फिरव गो! असा न्हाय उघडनार!' मग दर वर्षी त्या धड्याआधी मी मुद्दाम चुकायचे. यांना राहवायचंच नाही." त्यांनी दाराआडून बाहेर काकांकडे पाहिलं. "तुम्ही नका ना सांगू. त्यांना सांगू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन मी काकांशेजारी गप्प बसलो. त्यांची नजर दोरावर खिळली होती. मॅडमनी तो पुन्हा चुकीच्या बाजूला फिरवला आणि नवऱ्याच्या ओठांकडे बघत थांबल्या.