भरत सरांनी दिलेला ब्रश

केदारने सकाळी बेसिनवरचा दिवा लावला आणि त्याला आपल्या ब्रशशेजारी एक परका ब्रश उभा दिसला.

पांढराशुभ्र, बॅटरीएवढा जाड, खाली बटणं आणि पोटात पाण्याची छोटीशी टाकी. केदारचा स्वतःचा ब्रश दिवाळीच्याही आधीचा. त्याचे केस चारी दिशांना पांगले होते. दोघांना शेजारी शेजारी पाहून केदारला उगाचच आपला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"नीरजा! हे काय आहे?"

"ब्रश आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. "पाच कामं करतो. दात घासतो, जीभ घासतो, फटीत अडकलेलं काढतो, पाण्याची पिचकारी मारतो, आणि आरशाचं टोक लावलं की मागच्या दाढा दिसतात. त्याला दिवासुद्धा आहे!"

"कुठून आणलास?"

पोळपाटावरचं लाटणं थांबलं. फार नाही, क्षणभरच. पण केदारने ते बरोबर हेरलं आणि पुढचा अख्खा आठवडा त्या एका क्षणावर काढला.

"ऑफिसात मिळाला. भरत सरांनी दिला."

भरत सर म्हणजे अंजूरच्या गोदामातले सुपरवायझर. ऑनलाइन मागवलेला माल जिथून गावोगाव जातो, अशा एका अवाढव्य गोदामात नीरजा कारकून होती. केदारने भरत सरांना एकदाच पाहिलं होतं, गोदामातल्या सत्यनारायणाला. उंच माणूस, भांग सरळ, शर्ट इन केलेला, आणि तीर्थ देतानाही हसत होता. एवढं पाहिल्यावर आणखी काय बघायचं राहतं?

नीरजा दारापर्यंत आली, पण आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "तूही वापर ना. दोन डोकी आहेत बघ. निळ्या रिंगचं तुझं."

"मी? त्या माणसाने दिलेलं यंत्र मी तोंडात घालू?"

"अरे, कोरं आहे. त्यांनी वापरून नाही दिलेलं."

"नको म्हणजे नको!"

नीरजाने कपाळाला हात लावला आणि ती पोळ्यांकडे वळली. केदारने आपल्याच जुन्या ब्रशने, हिरड्या दुखेपर्यंत, इमानदारीने दात घासले.

आता तुम्हीच विचार करा. एखादा साहेब हाताखालच्या बाईला पेन देईल, डायरी देईल, फार तर काजूकतलीचा डबा देईल. ब्रश कोण देतं? समोरच्याच्या दातांची काळजी वाटायला आधी त्याचे दात जवळून बघावे लागतात. दात दिसायला माणसाला हसावं लागतं. म्हणजे ही तिथे हसते! घरी दोन महिन्यांत किती वेळा हसली होती? केदारने बोटांवर मोजायला घेतलं आणि पहिल्या बोटावरच अडला.

खरं सांगायचं तर हेच त्याला खात होतं. दोन महिने झाले, नीरजा बदलली होती. सोफ्यावर एका टोकाला तो बसला की ती दुसऱ्या टोकाला. तो काही सांगायला जवळ गेला की हिला नेमकं गॅसवर काहीतरी आठवायचं. आणि झोपताना तोंड भिंतीकडे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, भांडण झालं तरी ती पाठ फिरवून झोपणारी नव्हती. आपली बायको आपल्या हातून निसटतेय, ही भीती केदारला सोडत नव्हती. आजवर त्या भीतीला नाव नव्हतं. आज नाव मिळालं, आणि वर भांगही मिळाला.

केदार धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत हेडक्लार्क होता. त्याच्या खिडकीसमोर पालक नेहमी दोन हात लांब उभे राहायचे, आणि ही शिस्त आपणच लावली याचा त्याला अभिमान होता. शिपाई दामूसुद्धा बोलायचा तो दाराच्या चौकटीत उभा राहून, गमछा नाकावर घेऊन. नाक्यावर धूळच तेवढी, त्याला तरी काय म्हणणार?

"दामू, एक विचारू? बाहेर बोलायचं नाही."

"इचारा की सायेब." दामू चौकटीतच राहिला.

केदारने नावं गाळून सगळं सांगितलं. एका मित्राची बायको, तिचा साहेब, पाच कामांचा ब्रश. दामूने गमछ्याआडून बराच विचार केला.

"त्या तुमच्या मित्राची बायको वापरते का वो त्यो ब्रश?"

केदार चमकला. हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"वापरत आसंल तर काय न्हाय सायेब, वस्तू हाय, वापरली. पन वापरत नसंल आन् नुसती सांबाळून ठेवली आसंल, तर मंग..." दामूने पुढचं वाक्य हवेत सोडलं आणि घंटा द्यायला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून केदारची तपासणी सुरू झाली. नीरजा कामाला गेली की तो ब्रशच्या केसांवरून बोट फिरवायचा. मंगळवारी कोरडा. बुधवारी कोरडा. गुरुवारी त्याने खाली वाकून वाससुद्धा घेतला. टूथपेस्टचा मागमूस नाही! नीरजा आपला जुनाच गुलाबी ब्रश वापरत होती आणि हे पांढरं ध्यान रोज सकाळी फडक्याने पुसून परत जागेवर ठेवत होती. म्हणजे जपून ठेवलंय! सहाव्या इयत्तेत शेजारच्या बाकावरच्या मुलीने दिलेलं खोडरबर केदारनेही असंच जपलं होतं, न वापरता, वर्षभर. त्याला या प्रकाराचा पुरेपूर अनुभव होता.

आणि गुरुवारी संध्याकाळी तर कहरच झाला. चहाचा कप लांबूनच त्याच्याकडे सरकवत नीरजा म्हणाली, "केदार, भरत सर विचारत होते. ब्रश आवडला का म्हणून."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? तुला."

"मला का विचारतायत?"

"सहज. म्हणाले, मिस्टरांनाही वापरून बघायला सांगा. फार छान आहे म्हणे. ते स्वतः रोज दोनदा वापरतात."

केदारने कप बशीत आदळला. काय पण हिंमत माणसाची! बायकोला ब्रश देतो तो देतो, वर नवऱ्याची चौकशी करतो! केदारने त्याच क्षणी ठरवलं. उद्या हाफ डे टाकायचा, अंजूरला जायचं आणि सगळ्यांसमोर ती वस्तू त्या भांगवाल्याच्या हातात परत द्यायची. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणायचं, "आमच्या घरात ब्रश आहेत."

शुक्रवारी दुपारी ब्रश कापडी पिशवीत घालून केदार नाक्यावर शेअर रिक्षात बसला. मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरला खेटून चौथा, असा नेहमीचा भरणा. केदार मधे चेपला गेला. रिक्षा खड्ड्यात आदळली तसं शेजारच्या जाड्या माणसाचं कोपर पिशवीवर दाबलं गेलं आणि पिशवी घुर्र घुर्र करायला लागली.

"भाईसाब," जाड्या आक्रसून म्हणाला, "थैली में क्या है?"

"कुछ नहीं. ब्रश है."

"ब्रश चिल्लाता है क्या?"

केदारने पिशवीत हात घालून मिळेल ते बटण दाबलं. ते पिचकारीचं निघालं. टाकी काठोकाठ भरलेली होती. नीरजा ती रोज सकाळी का भरून ठेवत होती, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. पहिली धार पिशवीच्या तोंडातून जाड्याच्या कानात गेली आणि दुसरी ड्रायव्हरच्या मानेवर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारून बाहेर उडी टाकली. "या अल्ला, साप है क्या?" असं ओरडत पुढचा उतरला, मागचे दोघं दोन्ही बाजूंनी उतरले, आणि रिकाम्या रिक्षात केदार मांडीवर घुरघुरणारी पिशवी घेऊन एकटाच बसला. त्याची पँट नको त्या ठिकाणी चिंब झाली होती. पुढचा रस्ता त्याला पायीच तुडवावा लागला.

गोदामाच्या गेटवर तुळशीराम नावाचा वॉचमन होता. तो आधी पँटीकडे बघत राहिला, मग पिशवीकडे.

"काय हाय पिशवीत?"

केदारने ब्रश बाहेर काढला. तुळशीरामने तो उलटासुलटा करून पाहिला आणि त्याच्या भुवया चढल्या.

"ह्यो तर आमचा माल. दिवसाला शंभर जातात हितनं. तुमच्याकडं कसा आला? डबा कुठं हाय?"

केदारला हीच तर संधी हवी होती. त्याने छाती काढली आणि लोडिंगच्या धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमच्या भरत सरांनी दिला! इथलाच ब्रश, माझ्या बायकोला! परत करायला आलोय!"

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. पण तुळशीरामचा चेहरा काही निराळाच झाला होता. या गोदामातून सुईसुद्धा बाहेर जात नसे. सुटीच्या वेळी बायकांच्या पर्सा, माणसांचे डबे, अगदी सुपरवायझरची हेल्मेटसुद्धा उलटी करून झटकली जायची. तिथे सुपरवायझरने माल बाहेर काढला आणि कारकून बाईने घरी नेला, अशी खबर खुद्द नवऱ्याने गेटवर आणून दिली होती! तुळशीरामने शिट्टी फुंकली आणि गेट लावून घेतलं.

हमाल जमले, ड्रायव्हर जमले. धावत धावत भरत सर आले. घामाने त्यांचा भांग पार विस्कटला होता.

"मी? मी कधी दिला?" ते रडकुंडीला आले. "साहेब, काय बोलताय हे? माझी नोकरी जाईल! नीरजा मॅडमचीही जाईल!"

"म्यानेजर सायबाला फोन लावतो," तुळशीराम म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला.

केदारची छाती तेव्हा आत गेली. तो आला होता बायको परत मिळवायला, आणि इथे बायकोवर चोरीचा आळ घेऊन बसला होता. तेवढ्यात ऑफिसच्या जिन्यावरून नीरजा येताना दिसली. तिने गर्दी बघितली, ब्रश बघितला, पँट बघितली, आणि तिला सगळं कळलं.

"तुळशीरामदादा, फोन खाली ठेवा," ती म्हणाली. आपला मोबाइल तिने त्याच्यापुढे धरला. "ही बघा ऑर्डर. मी मागवलाय, माझ्या पैशाने. नाव बघा कोणाचं आहे."

तुळशीरामने मोबाइल लांब धरून एकेक अक्षर वाचलं. "के... दा... र. मंग सरांचं नाव कशापायी घेतलंत, म्याडम?"

नीरजा काहीतरी पुटपुटली. शेजारी टेम्पोचं इंजिन घरघरत होतं.

"काय? ऐकू न्हाय आलं."

"म्हटलं, याच्या तोंडाला वास येतो!" नीरजा ओरडली, आणि नेमकं तेव्हाच टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. केदारने आजूबाजूला पाहिलं. सगळे जण त्याच्यापासून तीन-तीन पावलांवर गोल करून उभे होते. भरत सरांनी खाली बघत हळूच मान डोलावली. "मॅडम, दोन मिनिटं झाली मी यांच्यासमोर उभा आहे," ते म्हणाले. "माझी काही तक्रार नाही. घ्या तुम्ही माझं नाव."

नीरजाने केदारला खोक्यांच्या थप्पीमागे ओढलं. तिथे ती आधी रागावली आणि मग तिचे डोळे भरून आले.

"मग मला सरळ सांगायचंस ना!" केदार म्हणाला.

"सांगायचं? मागे म्हटलं होतं पोट सुटलंय, तर तीन दिवस डब्यात नुसती काकडी नेलीस आणि माझ्याशी अबोला धरलास! म्हटलं, दुसऱ्या कोणी दिलाय म्हटल्यावर तू इरेला पेटून वापरशील. समोरच्यांनी फिल्टर घेतला तर तू दुसऱ्या दिवशी घेतलास. त्यांनी पडदे बदलले, तू बदललेस. मला काय माहीत, नेमका या वेळी तू उलटा जळशील!"

"कधीपासून येतोय वास?"

"हृदयाला चांगलं म्हणून तू लसूण चावायला लागलास तेव्हापासून. सकाळी पाच पाकळ्या, आणि वर दुपारपर्यंत चूळ भरायची नाही, गुण जातो म्हणे! तुझ्या हृदयाचं होईल ते होईल रे. दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपते, माझी मान आखडलीय त्याचं काय?"

केदारने मनातल्या मनात हिशेब लावला. भिंतीकडे तोंड का, तर लसूण! सोफ्याचं टोक का, तर लसूण! चारचौघांत अब्रू गेली होती, पँट भिजली होती, पण त्याचा जीव असा भांड्यात पडला की तो मोठमोठ्याने हसायला लागला. नीरजा पटकन दोन पावलं मागे सरली.

"थांब, आलोच," तो म्हणाला आणि गेटजवळच्या नळावर गेला. भरत सरांनी आपणहून टाकी भरून दिली, एका ड्रायव्हरने आपल्या डब्यातली पेस्ट दिली. मग केदारने भर दुपारी, चाळीस माणसांदेखत, पाचही कामं केली. दात घासले, जीभ खरवडली, फटी साफ केल्या, पिचकारी मारली, आणि शेवटी दिवा लावून आरशात दाढा बघितल्या. हमाल कौतुकाने बघत होते.

नीरजा जवळ आली. तिने आधी लांबून, मग जवळून, मग अगदी जवळून वास घेतला. दोन महिन्यांत ती एवढी जवळ आली नव्हती. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि ती हसली, चांगली दात दिसतील अशी.

केदारला धन्य धन्य वाटलं. मग त्याची नजर नळाशेजारी खिशातून कंगवा काढून भांग नीट करणाऱ्या भरत सरांकडे गेली, आणि त्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली.

"नीरजा, एक विचारू?"

"विचार."

"गोदामात चाळीस माणसं आहेत. तुला नेमकं भरत सरांचंच नाव कसं सुचलं?"

नीरजाने त्याच्या हातातला ब्रश घेतला, त्याच्या तोंडात घातला आणि बटण दाबलं.