मर्जविद्येने पत्रे निघाली आणि तुळाजी पाटकऱ्यास दरबारचे बोलावणे गेले, त्याची हकीकत

॥ श्री ॥ विघ्नहर्ता सकळ विघ्ने हरितो, परंतु यंत्राचे बटण घाईने दाबिलियाने जे विघ्न उपजते ते त्याने अद्यापि आपले पदरी घेतले नाही, हे ध्यानी ठेवोन लिहिणे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी नदीकाठी एक दौलत होती, आणि धनी सरकार यांचे राज्यास पंचवीस वर्षे भरली, मग सरकारांचे मनी आले की ज्यांनी ज्यांनी चाकरी केली त्या सर्वांस दरबारी बोलावोन शाल द्यावी, आणि पत्रे ऐसी जावी की प्रत्येकास वाटावे, धन्यांनी खासा हाते आपणांसच लिहिले. दिवाण शामजीपंत मुजरा करोन बोलिले, "एवढी पत्रे सरकारांनी लिहावी तर हात राहणार नाही." सरकार म्हणाले, "लिहितो कोण? वाटावे इतकेच."

मग यंत्रनवीस तिमाजीपंत यांस हुजूर आणिले, आणि त्यांनी अर्ज केला की चाकरांची नावे, गावे, हुद्दे डेटाबेसात रकान्यांनी मांडिली आहेत, मसुदा एकच करावा आणि नावाची जागा रिकामी ठेवावी, मग मेल मर्ज नामे विद्या आहे ती एकेक नाव उचलोन त्या जागी बसविते आणि नावागणिक पत्र उठते. दिवाणांनी मसुदा सांगितला: "आपण दौलतीची जी सेवा केली ती आम्ही जन्मात विसरणार नाही. आपले तोंड पाहावे ऐसी फार इच्छा आहे. भेटीस अवश्य यावे." सरकारांनी न वाचताच पसंत केला. तिमाजीपंत म्हणाले, "हयात की मयत ऐसा एक रकाना आहे. मयत गाळोन घेतो, एक दिवस द्यावा." दिवाण संतापले, "मयत माणसे टपाल घेतात काय? आजच काढा." तिमाजीपंत नोकरीत मुरलेले, त्यांनी लागलेच बटण दाबिले, आणि छापयंत्रातोन पत्रे लाह्यांसारखी उडाली.

त्यांतील एक तुळाजी पाटकरी यांचे नावे गेले. तुळाजी कालव्याचे दरवाजे राखीत, आणि मागील महापुरात दरवाजा उघडावयास गेले, दरवाजा उघडिला आणि आपण वाहोन गेले. गाव वाचले. दौलतीने चौकशी नेमिली. त्यांची स्त्री भिवराबाई, तिने ते पत्र शेजारणीकडोन वाचविले, मग पुन्हा वाचविले, आणि पुसिले, "तोंड पाहावं असं खरंच लिहिलंय?" शेजारीण म्हणाली, "लिहिलंय गं." मग भिवराबाईने संदुकीतोन नवऱ्याचा पटका काढिला, झटकिला, आणि दरबारचे दिवशी एसटीने राजधानीस आली.

तुळाजींचे नावाची खुर्ची मांडिली होती. बाईने तीवर पटका ठेविला आणि बाजूस उभी राहिली. दिवाण धावत आले. "बाई, चूक जाहाली. यंत्राची चूक. आपण जेवोन निघावे."

"काय चुकलं? नाव का गाव?"

"नाव-गाव बरोबर आहे. माणूस..."

"माणूसही बरोबरच होता," बाई बोलिली.

इतक्यात सरकारांची दृष्टी गेली आणि त्यांनी बाईस पुढे बोलाविले. बाई म्हणाली, "सरकार, सेवा विसरणार नाही असं तुम्ही लिहिलंय. आजवर कुणी घरी येऊन चार शब्द बोललं नाही, म्हणून ऐकायला आले. काय केलं त्यांनी?" सरकारांनी दिवाणांकडे पाहिले, दिवाणांनी तिमाजीपंतांकडे, आणि तिमाजीपंतांनी यंत्राकडे, आणि यंत्रात "पाटकरी" इतकेच होते. मग सरकार खालचे आवाजे बोलिले, "आम्हांस ठाऊक नाही. तुम्हीच सांगा." राज्यावर बैसल्यापासोन 'ठाऊक नाही' हे शब्द सरकारांनी प्रथमच उच्चारिले, ऐसे जाणते लोक सांगतात.

बाईने सांगितले, "पाणी दाराशी आलं होतं. वरून हुकूम येईना, फोन लागेना. हे म्हणाले, हुकूम येईस्तोवर गाव राहायचं नाही. चहा टाक, आलोच, म्हणाले." सरकार आसनावरोन उतरले, आणि शाल खासा हाते पटक्यावर घातली. मग मागील रांगेतोन एक वृद्ध सुईण उठली, "आता माझंही ऐका," म्हणाली. तिजमागे एक नावाडी उठला. दिवाणांनी सनईवाल्यास खूण केली की वाजीव, तो म्हणाला, "थांबा हो, ऐकू द्या." ऐसे करिता दिवस मावळला, जेवणे निवाली, तरी सरकार उठले नाहीत. त्यांस उठता येईना की उठावेसे वाटेना, याविषयी दोन मते आहेत.

दुसरे दिवशी दिवाणांनी हुकूम काढिला की येथोन पुढे मयतांस पत्र जाऊ नये, आणि हयातांस गेलियास त्यातोन "भेटीस यावे" हे वाक्य गाळावे. सारांश, दौलतीने आपली माणसे एक दिवस ओळखिली, आणि तेवढ्यानेच सावध जाहाली. घडले तैसे लिहिले आहे.