केरोपंतांनीं पुसिल्या लायब्ऱ्या, त्याची हकीकत

श्रीगणराय लेखणीवर व श्रीशारदा जिव्हेवर असोत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, ते दिवशीं रक्तपेढीच्या राज्यावर जो प्रसंग गुजरला तो जैसा पाहिला तैसा लिहितों. पदरचें घालीत नाहीं आणि कोणाची भीडही धरीत नाहीं.

त्या राज्यांत सर्व्हर एकच, आणि त्याचे किल्लेदार राजश्री केरोपंत बिवलकर. मनुष्य इमानी, परंतु स्वच्छतेचा भारी सोस. राज्याची चाल ऐसी कीं खंडेनवमीस सर्व्हरची पूजा करावी, आणि पूजेपूर्वीं वरची धूळच नव्हे, तर पोटांतील जुन्या फायलीही झाडून काढाव्या. मग केरोपंत स्नान करोन बसले, आणि शोध करितां एक फोल्डर दृष्टीस पडिलें. त्यांतील फायलींस सात वर्षांत कोणीं हात लाविला नव्हता. पंत म्हणाले, "ही अडगळ कशाला?" आणि हुकूम फर्मावून फोल्डर समूळ पुसिलें. त्या होत्या लायब्ऱ्या, आणि सर्व्हरचा हरएक प्रोग्राम त्यांचे आधारें चालतो. मग काय पुसतां! फाइल कॉपी करणारा हुकूम मेला, फाइल दाखविणारा मेला, आंत येण्याचें दार मेलें. बॅकअप होता, परंतु तो त्याच सर्व्हरवर. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटांत ठेवोन कपाट लाविलें. पंतांचे हातांतील हळदकुंकवाची कोयरी तैसीच राहिली.

इतकियांत इस्पितळाच्या शस्त्रक्रियेच्या दालनांतून वैद्य सगुणाबाई काळदाते यांचा फोन आला कीं, अनुसया गवारी नामें बाळंतीण, मूल सुखरूप, परंतु आईचें रक्त थांबत नाहीं, आणि तिचा रक्तगट बॉम्बे. तें रक्त हजारों माणसांत एखाद्याचें, त्यावांचून दुसरें चालत नाहीं, आणि ऐसे दाते कोण व कोठें राहतात ती यादी त्या सर्व्हरचे पोटांत. बाई म्हणाल्या, "मला दोन तासांत नाव पाहिजे. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही." मग दिवाण आनंदराव पोंक्षे धांवत आले आणि बोलिले, "बंद करून चालू करा हो. आजवर त्यानंच भागलंय." आणि स्विचकडे हात नेला. तो पंतांनीं धरिला. दिवाणाचा हात धरणें हें त्या राज्यांत आजवर जाहलें नव्हतें. पंत म्हणाले, "साहेब, माझ्या पडद्यावर हुकूम लिहायची ही एक खिडकी उघडी आहे तोवर यात धुगधुगी आहे. बंद केलात तर हा पुन्हा उठायचा नाही."

मग पंतांनीं लाज सोडोन मैनाताई धायगुडे यांस फोन केला. त्या दुसरे शहरीं धाकट्या पेढीचा सर्व्हर राखीत. यंत्र हुबेहूब तैसेंच, फक्त यादी नाहीं. बाईंनीं एक शब्द रागाचा काढिला नाहीं. म्हणाल्या, "पंत, रडायचं ते संध्याकाळी. खिडकीला लायब्ऱ्यांवाचून चालणारे स्वतःचे चार शब्द येतात, त्यातला फायलीत लिहायचा शब्द जिवंत हाय का बघा." तो जिवंत निघाला. मग बाईंनीं कोणाचे आधाराविना चालणारा एक लहानसा प्रोग्राम घेतला, त्याचीं अक्षरें करोन चाळीस तुकडे पाडिले, आणि पंतांचे टेबलावरील संगणकावर एकेक धाडूं लागल्या. आणि पंत एकेक खिडकींत चिकटवूं लागले. परंतु नव्या फायलीस चालण्याची परवानगी देणारा हुकूमही मेला होता. तेव्हां बाई म्हणाल्या, "नवी करूच नका. परवानगी असलेली जुनी फाइल धरा आन् तिच्या पोटात भरा." तैसें केलें. एकविसावा तुकडा दोनदां पडिला, आणि सर्व पहिल्यापासून करावें लागलें. तेव्हां पंतांचे डोळ्यांस धारा लागल्या, परंतु हात थांबला नाहीं. चाळिसावा पडिला आणि तो प्रोग्राम बोलिला. मग त्याचे करवीं बाईंकडून लायब्ऱ्या आणविल्या, जागचे जागीं बसविल्या, आणि सर्व्हर सावध होऊन यादी देता जाहला. नांवें सहा. तिघांचे फोन बंद, दोघे परगांवीं, आणि सहावी शिवणकाम करणारी झुलेखा मुजावर. ती हातांतलें कापड मशीनवरच टाकोन रिक्षानें आली. दोन तासांस बारा मिनिटें कमी असतां रक्त पोंचलें, आणि अनुसया वांचली.

तिसरे दिवशीं अनुसयेचा नवरा पेढे घेऊन पेढींत आला आणि केरोपंतांचे पायां पडूं लागला. दिवाणांनीं डोळ्यांनीं खुणाविलें कीं गप्प बसा. अहवालांत त्यांनीं यंत्राचा दोष लिहिला होता. पंत म्हणाले, "पाया पडू नका. ते मीच पुसलं होतं." गडी उठोन उभा राहिला. मग त्यानें पेढा पंतांचे हातावर ठेविला आणि म्हणाला, "साहेब, फुडच्या टायमाला काय पुसायचं झालं तर आधी माझ्या बायकोचं तोंड आठवा. मग बटन दाबा." पंतांनीं पेढा घेतला, परंतु खाववेना.

तात्पर्य इतकेंच कीं, जें एका हुकुमानें गेलें तें चाळीस तुकड्यांनीं परत आलें, एक आई घरीं गेली, आणि अहवाल केरोपंतांनीं आपले हातें पुन्हा लिहिला. इतकें लिहून लेखणी ठेविली.